रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू?

प्रश्न : कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून तीन महिन्यांत माझं एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८ वरून ८४ वर आलं. आता गोळी थांबवली तर चालेल ना?

उत्तर : नाही. हे ८४ गोळीमुळेच आहे. तुमची गोळी म्हणजे स्टॅटिन; ते यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं रोखतं. मग यकृताला ते कमी पडतं आणि रक्तातलं एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर ते वाढवतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा मूळपदावर येतो. डोस बदलायचा तर डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, सडपातळ, रोज धावतो. तरी एलडीएल २३४! लॅबची चूक असेल का?

उत्तर : तपासणी पुन्हा करा, सोबत थायरॉइडचीही; थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं. पण आकडा १९० च्या वरच राहिला, तर मला आनुवंशिक आजाराची शंका येते. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो. वर सांगितलेले रिसेप्टर या रुग्णांच्यात जन्मापासूनच अपुरे किंवा सदोष असतात. याच आजाराच्या रुग्णांच्या पेशी अभ्यासताना मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना तो रिसेप्टर सापडला. १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मुलाच्या टाचेमागचा जाड स्नायुबंध चिमटीत धरून बघा. तो जाडसर, गाठाळ लागतो का? बुबुळाभोवती पांढुरकी कड दिसते का? असेल तर शंका बळावते, नसेल तरी आजार नाही असं समजू नका. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला होता का, तेही डॉक्टरांना सांगा. आणि कृपा करून त्याच्या भावंडांची व तुम्हा दोघांची तपासणी करून घ्या, कारण सख्ख्या भावंडात हा दोष असण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलाला पथ्यावरून बोल लावू नका. यात त्याचं काही चुकलेलं नाही, आणि नुसत्या पथ्याने हे आटोक्यात येतही नाही. औषध लवकर सुरू झालं तर हृदय वाचतं.

प्रश्न : ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ८२०, आणि एलडीएलच्या रकान्यात आकडाच नाही. असं का?

उत्तर : बऱ्याच लॅब एलडीएल हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो हिशेब चुकतो. एलडीएल थेट मोजून घ्या. मला जास्त काळजी तुमच्या स्वादुपिंडाची आहे; ट्रायग्लिसराइड इतकं चढलं की त्याला सूज येऊ शकते. दारू घेत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि बंद करा. रक्तातली साखर तपासा. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन पाठीत गेली, तर रात्र काढू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : स्टॅटिनने मांड्या दुखतात.

उत्तर : डॉक्टरांना सांगा. डोस कमी करून किंवा दुसरं स्टॅटिन देऊन बहुतेकांचं निभावतं. मात्र लघवी गडद तपकिरी झाली, तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.