‘माझी रासच वृश्चिक, मी काय करू?’

‘माझा स्वभावच असा, तो आता बदलणार का?’ हा प्रश्न समुपदेशनात सतत येतो आणि पुष्कळदा एखादा प्राणी सोबत घेऊन येतो. कुणी गोगलगाय असतं, कुणी डूख धरणारा नाग. हा प्राणी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी चिकटवलेला असतो.

चाळिशीतल्या एक शिक्षिका, माहेर महाडकडचं. “मॅडम, घरात सगळे मला विंचूच म्हणतात. रासही वृश्चिक!”

रास बाजूला ठेवली, विंचू मात्र ठेवून घेतला. मग त्यांना एक सराव दिला. कागदाचे तीन भाग करायचे: हा प्राणी घाबरला की काय करतो, दमला की कुठे जातो, पिलांशी कसा वागतो. वेळ 10 मिनिटं. विशेषणं लिहायची नाहीत, फक्त क्रिया. ‘रागीट’ लिहिलंत तर खोडा, कारण ‘रागीट’ बदलता येत नाही. ‘रात्री जेवताना ओरडते’ हे बदलता येतं. घरातल्या एकाने तुमचा कागद न बघता तुमच्याबद्दल असाच कागद भरायचा. प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला हवा. नाहीतर माणसं वाघ-सिंह निवडतात. त्यातून आपल्याला कसं व्हायचंय ते कळतं, आपण कसे वागतो ते नाही.

बाईंनी पहिल्या रकान्यात दोनच शब्द लिहिले: डंख मारतो.

“कोणता विंचू?”

“लाल. काळा मोठा दिसतो, पण त्याला आम्ही एवढं भीत नाही.”

“का बरं?”

“त्याचे पुढचे चिमटे जाड असतात. तो आधी पकडतो. लाल विंचवाचे चिमटे अगदी बारीक, म्हणून त्याची सगळी भिस्त नांगीवर...” बोलता बोलता त्या थांबल्या. बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. “मी पकडतच नाही, मॅडम. संध्याकाळी सहापासून सगळं दिसत असतं, तरी गप्प बसते. दहाला एकदम नांगी.”

अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये. आपण सुचवलेला अर्थ माणूस आठवड्यात विसरतो, स्वतःला सापडलेला विसरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस माणसावर सरसकट शिक्का मारण्याच्या विरोधात होते, ते याचसाठी पटतं. ‘मी विंचू आहे’ यापुढे काही करता येत नाही. ‘माझे चिमटे बारीक आहेत’ यापुढे करता येतं.

मग सराव चिमट्यांचा. राग 10 पैकी 3 वर असतानाच बोलायचं. 7 वर गेला की ती मागणी राहत नाही, डंख होतो. एका वाक्यात एक माणूस, एक काम, एक वेळ: ‘नऊच्या आत ओटा तुम्ही आवरा.’ त्यात ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द आले की वाक्य फसलं. पहिल्या आठवड्यात रोज एकच वाक्य, जास्त नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी एकदम पाच मागण्या केल्या आणि भांडण झालं. पुन्हा एकावर आलो. भांडणात प्राण्याचं नाव कुणीही घ्यायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना. मुलांना तर एकच प्राणी कायमचा देऊच नये.

चौथ्या भेटीत यजमान आपला कागद घेऊन आले. त्यांनीही विंचूच लिहिला होता. पहिले दोन रकाने रिकामे. तिसऱ्यात लिहिलं होतं: पिलांची पहिली कात पडेपर्यंत सगळ्यांना पाठीवर घेऊन फिरते.

बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.