'फुल मेटल याकुझा' ही नुसती 'रोबोकॉप'ची नक्कल आहे का? बघावा का?

जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइकेचा 'फुल मेटल याकुझा' (1997) ही 'रोबोकॉप'ची नक्कल आहे का, आणि याकुझापट, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांचे चित्रपट, फारसे न पाहिलेल्याला तो झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

सांगाडा 'रोबोकॉप'चाच आहे: गोळ्यांनी चाळण झालेला माणूस, धातूचं शरीर, मग सूड. जीव मात्र जुन्या जपानी टोळीपटांचा आहे, आणि तो ओळखला नाही तर हाती फक्त रक्त आणि थट्टा लागते.

हागाने हा टोळीतला अगदी खालचा पोऱ्या, भित्रा आणि मार खाणारा. तोसा हा त्याचा आनिकी, म्हणजे टोळीतला थोरला भाऊ. हागाने त्याला देव मानतो. तोसा तुरुंगातून सुटतो आणि दगाफटक्यात दोघंही मारले जातात. मग एक चक्रम शास्त्रज्ञ दोघांचे शाबूत राहिलेले अवयव जोडून एकच माणूस उभा करतो. डोकं हागानेचं, काळीज तोसाचं, पाठीवर तोसाचं गोंदण आणि बाकी सगळं पोलाद.

1960 च्या दशकात तोएई स्टुडिओने काढलेल्या 'निन्क्यो' पटांचा, म्हणजे इमान जपणाऱ्या याकुझांच्या चित्रपटांचा, आणि विशेषतः अभिनेता ताकाकुरा केनच्या चित्रपटांचा, शेवट ठरलेला असे. अपमान गिळून गिळून गळ्याशी आलं की दोन मर्द रात्री शांतपणे शेजारी शेजारी चालत शत्रूच्या अड्ड्यावर निघतात, सोबत तलवार. मिइकेने त्या दोघांना एकाच कातडीत कोंबलं. अंगात थोरल्याचं काळीज आणि डोक्यात धाकट्याची भीती, अशी ही ओढाताण आहे. हसू तिथूनच येतं आणि गलबलून येतं तेही तिथूनच. माझ्या मते मिइकेच्या सुरुवातीच्या कामातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे.

शास्त्रज्ञाच्या भूमिकेत तोमोरोवो तागुची आहे. 1989 च्या 'तेत्सुओ' या जपानी चित्रपटात हळूहळू लोखंड होत जाणारा माणूस त्यानेच केला होता. इथे तोच दुसऱ्याला लोखंडाचा करतो. ज्यांनी 'तेत्सुओ' पाहिलाय त्यांना ही निवड फार सुखावते.

चित्रपट स्वस्तातला दिसतो, कारण तो थिएटरसाठी नव्हताच. तोएईने 1989 मध्ये 'व्ही-सिनेमा' नावाने थेट व्हिडिओ दुकानांसाठी चित्रपट काढायला सुरुवात केली आणि पुढे बाकीच्या कंपन्याही त्यात उतरल्या. पैसा थोडा, चित्रीकरणाचे दिवस थोडे. पिस्तुलं, रक्त आणि उघडी अंगं यांचा ठरलेला रतीब घातला की बाकी दिग्दर्शकाला मोकळीक. म्हणून धातूचं शरीर हा पोशाख आहे हे सरळ दिसतं. ते खटकत असेल तर पहिली वीस मिनिटं कळ काढा, नजर सरावते.

हिंसेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. पूर्वार्धातलं रक्त कारंज्यासारखं उडतं, ते विनोदी अंगाने घेतलंय. उत्तरार्धात तोसाच्या प्रेयसीवर लैंगिक अत्याचार होतो आणि तिथे विनोदाचा मागमूस नाही. बघणारे हबकतात ते इथे, कारण तोवर आपण हसायला सैलावलेले असतो. असे प्रसंग सहन होत नसतील तर हा चित्रपट सोडून द्या, त्यात काही कमीपणा नाही. घरच्यांसोबत तर लावूच नका.

इंग्रजी डबिंग टाळा, मूळ जपानी आवाज आणि सबटायटल्स घ्या. हागाने तोसाशी किती अदबीने बोलतो आणि इतर गुंड कसे जीभ घोळवत गुरगुरतात, हे डबिंगमध्ये हरवतं, आणि टोळीतली उतरंड तर बोलण्यातूनच कळते.

आधी ताकाकुरा केनचा एखादा जुना निन्क्यो पट बघा, मग हा. आवडला तर 2346 सालच्या योकोहामात घडणारा मिइकेचाच 'डेड ऑर अलाइव्ह: फायनल' (2002) घ्या, आणि त्यानंतर 'याकुझा अपोकॅलिप्स' (2015), ज्यात टोळीवाले रक्तपिपासू होतात आणि बेडकाच्या पोशाखातला एक मारेकरी येतो. 'इची द किलर' (2001) लगेच लावू नका. त्यातला छळ फार जवळून दाखवलाय, आणि विज्ञानकथेची गंमत तुम्हाला तिथे मिळणार नाही.