भावाला गोळाफेकीच्या वर्तुळापर्यंत न्यायचंय: गावाच्या मदतीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. विहिरीच्या कामावर पडून कण्याला मार बसला, कमरेखाली ताकद राहिली नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सचिन खिलारींनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतलं. ते आमच्याच जिल्ह्यातले. तेव्हापासून भावाच्या डोक्यात गोळाफेकच आहे. गावातले लोक मदत करतो म्हणतात. पण किती मागायचे आणि कशासाठी, तेच कळत नाही.
एक बहीण, खानापूर तालुका, जि. सांगली

उत्तर : ताई, लोकांकडे जाण्याआधी वर्षाचा खर्च कागदावर मांडा. बहुतेक वर्गण्या इथेच फसतात. वस्तूसाठी पैसे पटकन जमतात, गावात तिचा फोटो निघतो, आणि तीन महिन्यांनी मैदानावर जायला रिक्षाचं भाडं नसतं. वस्तू तशीच पडून राहते.

आधी खेळाबद्दल. पॅरा खेळात दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार गट पाडतात. खिलारी उभे राहून फेकतात, त्यांचा गट एफ ४६. तुमचा भाऊ बसून फेकणाऱ्यांत येईल. पॅरिसमध्येच नागालँडच्या होकाटो सेमांनी एफ ५७ गटात बसून १४.६५ मीटर फेक केली आणि कांस्यपदक मिळवलं. भावाला त्या फेकीचं चित्रण दाखवा, त्यातून त्याला जास्त शिकता येईल.

भावाचा गट कोणता, हे यूडीआयडी कार्डावरच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरच्या) टक्केवारीवरून ठरत नाही. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ स्नायूंची ताकद आणि बसल्यावरचा तोल तपासून तो ठरवतात. एमआरआयचा अहवाल, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांनी सही करून दिलेलं निदान एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुरुषांमध्ये एफ ५२ ला २ किलोचा गोळा असतो, एफ ५३ ला ३ किलोचा आणि एफ ५४ ते ५७ ला ४ किलोचा. म्हणून स्पर्धेचा महागडा गोळा आत्ताच घेऊ नका. राज्याच्या पॅरा खेळ संघटनेशी बोलून गटाचा अंदाज घ्या आणि तोवर साध्या लोखंडी गोळ्यावर सराव चालू द्या.

बसून फेकायची फ्रेम, म्हणजे जमिनीला आवळून बांधायची लोखंडी बैठक, मात्र आधी लागते, आणि ती तालुक्याचा फॅब्रिकेटर बनवू शकतो. ४० बाय ४० मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्या. साधारण १० मीटर लागतो, म्हणजे ६ मीटरच्या दोन लांब्या. दोन्ही लांब्यांचं मिळून वजन भरतं २९ किलोच्या आसपास. फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतो, म्हणून तिघांकडून लेखी दरपत्रक घ्या. बैठकीची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. चूक होते ती इथेच: लोखंडी बैठकच ७५ ची करतात, वर गादी टाकतात आणि स्पर्धेच्या तपासणीत फ्रेम बाद होते. ५ सेंटिमीटरची गादी असेल तर लोखंड ७० वर थांबवा. बैठकीची प्रत्येक बाजू निदान ३० सेंटिमीटर हवी. बैठक सपाट चालते, मागे किंचित उतरती चालते, पुढे उतरती चालत नाही. दुसऱ्या हाताने धरायचा दांडा एकाच सरळ तुकड्याचा असावा, वाकवलेला नको, आणि त्याचा छेद गोल किंवा चौकोनीच असावा. फेकताना फ्रेमचा कुठलाही भाग हलता कामा नये. अख्खी फ्रेम २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात बसायला हवी. पट्टे ताण न खाणारे घ्या, इलॅस्टिकचे नकोत. सरावाच्या जागी काँक्रीटमध्ये चार कड्या पुरून रॅचेट पट्ट्यांनी फ्रेम आवळून बांधा. नाहीतर फेकीच्या झटक्याने ती कलंडते.

गादीवर काटकसर करू नका. त्याला खाली संवेदना नसेल तर कडक बैठकीने झालेली जखम कळायला दोन दिवस जातात, आणि भरायला कित्येक महिने. सरावात दर १५ ते २० मिनिटांनी हातांवर अंग उचलून धरायचं, आणि रोज रात्री घरच्या कुणीतरी कातडी पाहायची. लाल डाग दिसला तर तो जाईपर्यंत फ्रेमवर बसायचं नाही.

आता वर्षाचा हिशेब. समजा आठवड्याला चार दिवस सराव आहे आणि रिक्षाला जाऊन-येऊन ४०० रुपये लागतात. महिन्याला १६ खेपा, ६,४०० रुपये. प्रशिक्षकाचे २,००० आणि दूध, अंडी, कडधान्याचे ३,००० धरले तर महिना ११,४०० आणि वर्ष १,३६,८००. फ्रेम, गादी आणि दोन स्पर्धांचा प्रवास याच्या वर. तुमचे खरे आकडे घालून हा कागद पक्का करा. रेल्वेत, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांगाला आणि त्याच्या सोबत्यालाही स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत असते, एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के. ती वजा करूनच रक्कम मागा. देणाऱ्याला तो कागद पाहूनच विश्वास बसतो.

फ्रेमसाठी पहिला अर्ज ग्रामपंचायतीला द्या. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अर्जाला दरपत्रक आणि यूडीआयडीची प्रत जोडा, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडायला सांगा. महिन्याच्या खर्चासाठी दूध संस्थेकडे जा. दर दहा दिवसांच्या बिलातून १५० उत्पादकांनी २० रुपये कापून द्यायला संमती दिली, तर महिन्याला तीन बिलांचे ९,००० होतात. रिक्षा त्यात निघून वर २,६०० उरतात. प्रत्येकाची संमती लेखी घ्या, एक वर्षापुरतीच घ्या आणि कधीही बंद करायची मुभा ठेवा. एकदाच्या पाचशेच्या नोटेपेक्षा ही वीस-वीस रुपयांची कपात आम्हाला कितीतरी मोलाची वाटते.

प्रश्न : आम्ही माजी विद्यार्थी मिळून एका वर्गमित्राच्या दिव्यांग बहिणीसाठी पैसे गोळा करतोय. खातं कुणाच्या नावे ठेवावं? कर लागतो का?
एक वाचक, बार्शी

उत्तर : खातं बहिणीच्याच नावे, आणि नवीन. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान जमा होणारं खातं वापरू नका. त्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि दोन्ही पैसे मिसळले की पडताळणीत उत्तर देणं अवघड जातं. गोळा करणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात तर पैसे कधीच घेऊ नका. माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्या घरखर्चात ते मिसळतात आणि मग मित्रांमध्येच बोलाचाली होते. खातं उघडताना शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवा की छोट्या छोट्या यूपीआय रकमा बऱ्याच येतील. अचानक असे व्यवहार दिसले की बँक चौकशीसाठी खातं थांबवू शकते.

आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली, तर पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नव्हे. मामा, काका, आत्या, मावशी नातेवाईकांत मोडतात. मामेभाऊ, चुलतभाऊ मोडत नाहीत. बहिणीचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर कर भरावा लागत नाही, पण हिशेब जपून ठेवा. देणाऱ्याला आयकरात सवलत देणारी ८०-जीची पावती अशा वैयक्तिक मदतीला मिळत नाही. ती फक्त नोंदणीकृत आणि मान्यता असलेल्या संस्थेला देता येते, आणि तिथेही २,००० च्या वरची रोख चालत नाही. कुणी 'पावती देतो' म्हणून पैसे मागत असेल तर आधी संस्थेची कागदपत्रं बघा.

ओळखीबाहेर, बाजारपेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरणार असाल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१ क खालची परवानगी घ्या. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच.

प्रश्न : आमचं मंडळ लकी ड्रॉची कुपनं विकून एका खेळाडूला व्हीलचेअर देणार आहे. पहिलं बक्षीस दुचाकी. काही सूचना?
एक कार्यकर्ता, इस्लामपूर

उत्तर : कुपनं छापू नका. पैसे घेऊन तिकीट विकायचं आणि सोडत काढायची, ही खासगी लॉटरी झाली. बिनपरवाना ती गुन्हा आहे. गुन्हा नोंदला गेला तर त्या खेळाडूचंही नाव निघेल.

त्यापेक्षा मैदानावर एक दिवस ठेवा. तुमच्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक आणलं. इतका मोठा वारसा असताना सोडतीची गरजच काय? फ्रेम मधोमध ठेवा, येणाऱ्याला त्यावर बसवून मांड्या पट्ट्याने बांधा, ४ किलोचा गोळा हातात द्या आणि एका फेकीचे २० रुपये घ्या. उभ्याने लांब जाणारा गोळा बसून किती जवळ पडतो, हे कळल्यावर माणसं स्वतःहून जास्त देतात. फेकीच्या दिशेला दोरी बांधा, दोरीच्या आत कुणी नको, लहान मुलं तर मुळीच नकोत. गोळा उचलून आणायला दोनच माणसं नेमा. फेकणाऱ्याने हात खाली घेतल्याशिवाय त्यांनी आत जायचं नाही. ऑर्केस्ट्राचा विचार असेल तर सोडून द्या. मंडप, साउंड आणि जनरेटरमध्येच निम्म्याहून जास्त पैसे जातात.

आणि व्हीलचेअर परस्पर आणून देऊ नका. आधी त्या खेळाडूचं माप घ्या: नितंबांची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची. मापाबाहेरच्या खुर्चीत तोल जातो आणि खांदे दुखावतात.

प्रश्न : भाऊ म्हणतो, 'माझ्या नावाने भीक मागू नका.' आता काय करू?
एक बहीण, सातारा

उत्तर : थांबा. त्याचा होकार येईपर्यंत एकही निरोप पाठवू नका. तो पैशाला नाही म्हणतोय की मांडणीला, हे त्यालाच विचारा. बहुतेकदा नको असतो तो खाटेवर पडलेला फोटो आणि खाली 'आर्थिक मदतीचे आवाहन'. आवाहन त्याला स्वतःला लिहू द्या. कोणता खेळ, गेल्या महिन्यात किती अंतर टाकलं, वर्षाचं लक्ष्य काय, खर्च किती. फोटो फेकतानाचा, आणि तोही त्याने निवडलेला. आजाराची कागदपत्रं व्हॉट्सअॅपवर टाकू नका, कुणी मागितली तर समोर दाखवा. दर महिन्याच्या ५ तारखेला जमा, खर्च, शिल्लक आणि त्याची सर्वात लांब फेक असा चार ओळींचा निरोप त्यानेच पाठवावा. उद्या त्याने खेळ सोडला तर फ्रेम आणि शिल्लक कुणाला जाईल, हेही पहिल्याच आवाहनात लिहा. त्याला खेळ सोडण्याची मोकळीक असली पाहिजे. गावाने पैसे दिले म्हणून दुखऱ्या खांद्याने फेकत राहणं त्याच्यावर येता कामा नये.

प्रश्न : अमेरिकेतला चुलतभाऊ आणि त्याचे मित्र पैसे पाठवणार आहेत. चालेल का?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचे पैसे परदेशी देणगीच्या कायद्याखाली येतात, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. अशा मित्रांचे पैसे वैयक्तिक खात्यात घेऊ नका. त्या कायद्याखाली नोंदणी असलेली, दिव्यांग खेळाडूंसाठी काम करणारी संस्था शोधून त्यांना तिचं नाव द्या. चुलतभावाला आधी पासपोर्ट कोणता, एवढंच विचारा.