टक्केवारी सारखीच, मग जर्मनीत फी नाही आणि आपल्याकडे कर्ज का?

तुमचा प्रश्न असा: भारत आणि जर्मनी, दोन्ही सरकारं उच्च शिक्षणावर जीडीपीच्या साधारण एक ते दीड टक्का खर्च करतात, तरी तिकडे शिक्षण फुकट आणि इथे बँकेच्या पायऱ्या झिजवायच्या, असं का?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलं, आणि भाचा जर्मनीत शिकतोय. त्यामुळे दोन्हीकडच्या पावत्या बघितल्यात.

टक्केवारी खोटी नाही, पण जेवायला किती जण बसलेत ते ती सांगत नाही. दोन्ही अर्थव्यवस्था आज साधारण चार ते पाच लाख कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे टोप जवळजवळ तेवढाच. जर्मनीत विद्यार्थी 29 लाखांच्या आसपास, आपल्याकडे 2021-22 च्या सरकारी पाहणीत 4 कोटी 33 लाख. पंगत पंधरा पट! आपल्याकडे स्वस्ताई आहे, रुपयात जास्त भागतं, हे मान्य. पण पंधरा पट नाही भागत.

दुसरं, वाढप. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उच्च शिक्षणाला सुमारे 50 हजार कोटी मिळाले. त्यातले 11 हजार कोटींहून जास्त 23 आयआयटींना, आणि तिथले विद्यार्थी साधारण 1 लाख 35 हजार. भागून बघा, डोई आठ लाखांच्या वर जातात. आयआयटीवर माझा राग नाही, पण याच भारताची सरासरी काढून ती आमच्या कॉलेजच्या पोरांना लावू नका.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. अनुदान म्हणजे मुख्यतः पगार. निवृत्त झालेल्याची जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत, मग तासिका तत्त्वावर माणूस घेतात आणि त्याचं मानधन कधी येईल ते त्यालाच काय, मलाही सांगता यायचं नाही. प्रयोगशाळेचं विचारूच नका. पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या भिंगाला बुरशी धरायची आणि आमचा शिपाई ती भिंगं तांदळाच्या डब्यात ठेवायचा. माझ्या टेबलावर दोन पावतीपुस्तकं असायची. एक अनुदानित बीएस्सीचं, दुसरं त्याच मजल्यावरच्या विनाअनुदानित बीएस्सी आयटीचं. जिना तोच, फी कितीतरी पट. दुसऱ्या पुस्तकावर सही करताना समोरचा बाप नोटा दोनदा मोजायचा.

आणि फी नसणं हा तिकडेही आपोआप आलेला प्रकार नव्हे. 2006-07 च्या सुमारास तिथल्या काही राज्यांनी सहामाहीला 500 युरोपर्यंत फी लावून पाहिली. लोक चिडले, आंदोलनं झाली आणि 2014 पर्यंत शेवटच्या राज्यानेही ती मागे घेतली. आपण गेलो उलट्या वाटेने. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यामुळे जागा वाढल्या हे खरंच, नाहीतर आमच्याकडची कितीतरी पोरं इंजिनिअर झाली नसती. पण खर्च घरावर आला. आज देशातल्या पाच कॉलेजांत जेमतेम एक सरकारी आहे.

आता ‘फुकट’बद्दल. भाचा श्टुटगार्टला आहे, म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात. तिथे 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला 1500 युरो पडतात. त्यात व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाच्या जगण्याचे 11,904 युरो आधीच ठेवून दाखवावे लागले. पैसे त्याचेच, महिन्याला 992 असे सुटतात, पण उभे करताना आमच्या भाओजींनी हापूसची कलमं गहाण टाकली. तिथल्या गरीब घरच्या मुलांना मात्र राहण्याखाण्यासाठी सरकारी मदत मिळते, निम्मी अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज, आणि परतफेडीला 10,010 युरोची कमाल मर्यादा. भाच्याला ती मदत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दोन देशांचा तक्ता दिसला की टक्क्याचा रकाना सोडा आणि ‘दर विद्यार्थी’ असा रकाना आहे का ते बघा. असला, तर त्यात घरच्यांनी भरलेली फी मोजलीय की नाही, तेही तळटीपेत बघून घ्या.