कॅलेंडरमधली अपॉइंटमेंट ड्रॅग करताना उडी मारते, कधी आपोआप जुन्या जागी परत जाते आणि मोबाइलवर तर हलतच नाही. कोड कसा सुधारू?

तुम्ही लिहिलंय की दवाखान्याचं कॅलेंडर साध्या जावास्क्रिप्टमध्ये, ब्राउझरच्याच ड्रॅग-अँड-ड्रॉपवर बांधलंय आणि दर ३० सेकंदांनी सर्व्हरवरून ताजा डेटा आणून ग्रिड पुन्हा रंगवता. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, पण एक गोष्ट आधी पक्की करा: अपॉइंटमेंट बोटाखाली आहे तोवर ती कच्ची नोंद. हात सुटेपर्यंत मूळ डेटाला धक्का लावायचा नाही.

मोबाइलचं आधी सांगतो. ब्राउझरचं ते ड्रॅग-अँड-ड्रॉप मुळात १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मधलं, माऊस धरून केलेलं. पुढे एचटीएमएल५ मध्ये तेच आलं. टचस्क्रीनवर त्याच्या भरवशावर राहू नका. त्याऐवजी पॉइंटर इव्हेंट्स वापरा. माऊस, बोट आणि पेन तिघांनाही एकच कोड पुरतो. सफारीतही ते १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून चालतात.

पॉइंटर कॅप्चर घ्या, म्हणजे बोट कुठेही गेलं तरी त्याच्या सूचना एकाच एलिमेंटकडे येत राहतात. पण ते अपॉइंटमेंटच्या कार्डावर नको, ग्रिडच्या बाहेरच्या डब्यावर (कंटेनरवर) घ्या. मधेच ग्रिड पुन्हा रंगली की कार्डाचा एलिमेंट जातो आणि त्याच्याबरोबर कॅप्चरही जातं. डबा मात्र जागेवर असतो. बोटाने ओढताना पान सरकू नये म्हणून सीएसएसमधलं टच-अ‍ॅक्शन ‘नन’ करावं लागतं. ते अख्ख्या कार्डावर लावलंत तर भरलेल्या दिवशी रिसेप्शनवरच्या माणसाला स्क्रोल करायला रिकामी जागाच उरणार नाही. कार्डाच्या कडेला एक छोटी मूठ द्या आणि फक्त तिच्यावर लावा. आणि पॉइंटरकॅन्सल (ओढणं मधेच तुटल्याची सूचना) विसरू नका, बरेच जण फक्त पॉइंटरअप (बोट उचलल्याची सूचना) ऐकतात. ब्राउझरने मधेच बोट स्वतःकडे घेतलं की पॉइंटरअप येतच नाही आणि कार्ड अधांतरी लटकून राहतं. तिथे आणि एस्केप दाबल्यावर, दोन्हीकडे कार्ड मूळ जागी न्यायचं.

आता उडी. समजा १० ते १२ ची अपॉइंटमेंट आहे आणि कोणी ती ११:३० च्या जवळ धरली. तुमचा कोड पॉइंटरची जागा हीच सुरुवातीची वेळ समजत असणार, म्हणून जरा हलवलं की कार्ड दीड तास खाली जातं. पॉइंटरडाउनलाच, म्हणजे बोट टेकताक्षणी, कार्डाच्या वरच्या कडेपासून बोट किती खाली आहे ते मोजून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी ते वजा करा. एका तासाला ६० पिक्सेल असतील तर १५ मिनिटं म्हणजे १५ पिक्सेल, तिथे गोल करा. ओढताना ग्रिड आतून स्क्रोल झाली तर ते अंतरही धरा. पहिले ५ पिक्सेल ड्रॅग मानूच नका. फुलकॅलेंडर या तयार कॅलेंडर लायब्ररीतही डीफॉल्ट मर्यादा तेवढीच आहे. नाहीतर तपशील बघायला क्लिक करणाऱ्याच्या हातून पेशंटची वेळ बदलते.

आपोआप परत जाण्याचं कारण बहुधा तुमचं पोलिंग, म्हणजे दर ३० सेकंदांनी सर्व्हरला विचारणं, हे आहे. कार्ड सोडण्याआधी निघालेल्या विनंतीचं उत्तर सोडल्यानंतर येतं, त्यात जुनी वेळ असते आणि ती नव्यावर बसते. ड्रॅग चालू असताना आलेला डेटा बाजूला ठेवा. सोडल्यावर कार्ड लगेच नव्या जागी दाखवा, सर्व्हरला एकच विनंती पाठवा आणि उत्तर येईपर्यंत त्या कार्डापुरतं पोलिंगचं काही ऐकू नका. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या आणि विनंतीबरोबर तो पाठवा. दुसऱ्या काउंटरवरून तीच अपॉइंटमेंट आधीच हलवली असेल तर सर्व्हरने नकार द्यावा आणि तुम्ही कार्ड परत नेऊन तसं स्पष्ट लिहावं. गुपचूप परत नेलंत तर माणूस ते पुन्हा ओढतो.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण तिने मला खूप दमवलंय. एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं कॅलेंडर केलं होतं. एक साखरपुडा ओढून १५ तारखेवर टाकला, स्क्रीनवर १५ दिसली, पान रिफ्रेश केलं तर १४. दिवसभराच्या बुकिंगची वेळ मी मध्यरात्रीची धरली होती आणि तारखेचा मजकूर करून देणारं टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शन वापरून पहिली १० अक्षरं तारीख म्हणून साठवत होतो. ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देतं; आपण साडेपाच तास पुढे, म्हणून १५ ची मध्यरात्र तिथे १४ ची संध्याकाळ, १८:३० होते. वधू-वर पक्षांच्या पत्रिका छापायला गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. दिवसभराच्या नोंदीला वेळ नकोच. वर्ष, महिना, दिवस एवढंच साठवा. तुमचे डॉक्टर सुट्ट्या किंवा कॅम्प टाकतात ना, तिथे हे तपासा.

ओढण्याला पर्यायही द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीत एए या मधल्या पातळीला ही अटच आहे: जे ओढून होतं ते न ओढताही करता आलं पाहिजे. कार्डावर ‘वेळ बदला’ असं बटण पुरतं. हात थरथरणाऱ्या माणसाला तोच आधार असतो, आणि पुढच्या महिन्यावर न्यायचं असेल तर सगळ्यांनाच ते सोपं पडतं.

हे सगळं झालं की डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम संथ करा आणि एकच कार्ड पाठोपाठ दोनदा ओढा. पहिल्याचं उत्तर आल्यावर कार्ड क्षणभर जरी मागे गेलं, तरी अजून कुठेतरी जुनं उत्तर नव्यावर बसतंय. तो भाग इथे टाका, बघतो.