पाटीवर कुठलं नाव?

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, दादाच्या लग्नात वहिनीचं नाव तांदळात लिहून बदलतात असं आजी म्हणते. मग त्यांना आहेरात द्यायच्या दारावरच्या पाटीवर तू कुठलं नाव करतोयस?" मी तोंड उघडेपर्यंत तुला कुणीतरी मेंदी काढायला ओढून नेलं. म्हणून हे पत्र.

आजी सांगते ते खरं आहे. नवरी माप ओलांडून घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. मग सगळ्यांना पेढे. आजीचंही असंच बदललं. सांगलीचा अख्खा गावभाग तिला एका नावानं ओळखतो, पण कराडचा मामा अजून तिच्या माहेरच्याच नावानं हाक मारतो. त्या हाकेला ती किती चटकन उठते, बघ एकदा. मला ही चाल कधीच पटली नाही. (तुझ्या आईनं तर लग्नाआधीच दम भरला होता, म्हणून मी तांदळात तिचं आहे तेच नाव लिहिलं.)

आपण घरात बसून तर्क कशाला करायचे? मी वहिनीलाच फोन केला. ती म्हणाली, "काका, माझं आहे तेच राहू दे. तांदळातसुद्धा त्याला तेच लिहायला सांगितलंय." झालं. पाटीवर दोघांची नावं, तिचं आधी.

आधी पाटी इथल्या एका दुकानातून करून घेणार होतो. नमुना आला तर 'नि'ची वेलांटी 'न'च्या उजवीकडे जाऊन बसलेली! त्यांच्या कॉम्प्युटरला मराठी जोडता येईना. मग एका जुन्या सागवानी टेबलाची फळी घेतली आणि बाल्कनीत बारीक करवत घेऊन बसलो. तेव्हा एक गंमत कळली. इंग्रजी अक्षरं कापली की सुटी होतात, प्रत्येक वेगळं चिकटवायचं. आपलं अख्खं नाव एकाच तुकड्यात निघतं, कारण सगळी अक्षरं शिरोरेघेला लोंबकळलेली. करवत वाकडी गेली तर रेघच जाते, म्हणून ती शेवटी कापली.

सागवानच का, ते आजीच्या दारात दिसेल. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी ४५ फूट. घरातलं एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचं, कपाट पुठ्ठ्यासारखं फुगलं, आणि आजोबांची पाटी धुऊन पुसून परत दारावर लागली. फक्त लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडलेत. म्हणून मी पितळी स्क्रू आणतोय.

पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापलंय, मग आपण कसं द्यायचं, असंही तू विचारशीलच. ते पाहुण्यांसाठी गं. घरच्यांना ते कुणी लावत नाही.

आता तुझं काम. दादाच्या विश्रामबागच्या फ्लॅटवर गेलीस की दाराशेजारच्या भिंतीवर किती जागा आहे ते टेपनं मोज. पाटी २२ इंच लांब आहे. बेलच्या बटणावर यायला नको.

दादाच्या नावातला अनुस्वार तेवढा रेघेला धरून राहिला नाही, सुटा निघाला. काडेपेटीत जपून ठेवलाय. मी आलो की तो तूच चिकटव.

तुझा,
बाबा