आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागलेल्या मुख्यमंत्र्याला पुढे दिल्लीच्या राजकारणात भवितव्य असतं का?

असतं, आणि चांगलंच असतं. राजीनामा म्हणजे शेवट का, असं तुम्ही विचारलंय. याच प्रश्नावर माझे वडील आणि मामा तेरा वर्षं भांडले, म्हणून लिहायला बसलो.

मी म्हसळा तालुक्यातला. बॅरिस्टर ए. आर. अंतुल्यांचं गाव आंबेत आमच्याच तालुक्यात. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले तेव्हा मी चौथीत होतो. मामा तर वेडाच झाला होता. आपल्या भागातला माणूस मुख्यमंत्री होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी कामंही धडाक्यात केली. कुलाब्याचा रायगड केला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा काढला, संजय गांधी निराधार योजना आणली. माझी विधवा आत्या आमच्याकडेच असायची. त्या योजनेचे पहिले पैसे आले तेव्हा तिने ते आधी देवापुढे ठेवले, मग आईच्या हातात दिले. तोवर तिच्या हातात स्वतःचा म्हणून पैसा आलाच नव्हता. हे मी विसरलेलो नाही.

पण त्याच वर्षात आमचं घर अर्धवट पडलं होतं. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, तेवढं झालं होतं. गिलावा आणि कोबा राहिला होता आणि त्याला सिमेंट हवं होतं. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं, सरकारी भावाने. बाहेर काळ्या बाजारात घ्यायची आमची ऐपत नव्हती. वडिलांनी पन्नास गोण्यांचा अर्ज केला. सात हेलपाट्यांनंतर बारा मंजूर झाल्या, त्याही भर पावसात. त्यातल्या चार गोण्या ओल लागून दगड झालेल्या. वडील ओटीवर बसून ते दगड मोगरीने फोडायचे आणि आई पिठाच्या चाळणीने चाळायची. संध्याकाळी आईच्या भुवयासुद्धा करड्या झालेल्या असायच्या. त्या चाळलेल्या सिमेंटचा कोबा दोन वर्षांत उखडला.

आणि त्याच सुमारास पेपरात आलं, की बिल्डरांना जादा सिमेंट मिळतं आणि त्यांच्याकडून अंतुल्यांनीच काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला देणग्या जातात. वडिलांनी तो पेपर घडी करून ट्रंकेत ठेवला. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी निकाल दिला, देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध आहे म्हणाले, आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. वडील म्हणाले, "संपला हा माणूस." मामा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "भावोजी, लिहून घ्या. साहेब दिल्लीला मंत्री होणार." वडील जेवणावरून उठले.

मामाचं खरं ठरलं. १९८९ मध्ये अंतुले कुलाब्यातून लोकसभेवर गेले (जिल्ह्याचं नाव बदललं तरी मतदारसंघ कुलाबाच राहिला होता), १९९१ ला पुन्हा, आणि १९९५ मध्ये नरसिंह रावांनी त्यांना आरोग्यमंत्री केलं. मामा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला आणि वडिलांपुढे ठेवून म्हणाला, "झाले की नाही निर्दोष?" वडिलांनी पेढा घेतला नाही. पुढे २००६ ला साहेब अल्पसंख्याकमंत्रीही झाले, ते पाहायला वडील नव्हते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मनोहर जोशींनी जानेवारी १९९९ मध्ये जावयाच्या पुण्यातल्या जागेच्या प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडलं, त्याच वर्षी ते केंद्रात मंत्री झाले आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. विलासराव देशमुखांचं २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये गेलं, मे २००९ मध्ये तेही केंद्रात मंत्री. अशोक चव्हाण २०१० मध्ये 'आदर्श' सोसायटीच्या घोटाळ्यावरून गेले, २०१४ च्या लाटेतही नांदेड राखलं, २०२४ मध्ये पक्ष बदलून राज्यसभेवर. मुंबईतून उठवलेल्या माणसाला बसवायला पक्षांना दिल्ली सोयीची पडते. तो राज्यात नव्या मुख्यमंत्र्याच्या पायात येत नाही आणि त्याची माणसंही पक्षात टिकतात. अट एकच, घरची मतं हातात हवीत. ती गेली की दिल्लीही जाते. अंतुले १९९८ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या रामशेठ ठाकूरांकडून हरले, २००९ मध्ये अनंत गीतेंकडून, आणि त्यानंतर ते मंत्री झाले नाहीत. म्हणून तुमच्या मनात जो कुणी नेता असेल, त्याच्या चौकशीच्या बातम्या वाचण्यापेक्षा त्याच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेचे निकाल बघा.

पण मंत्री झाला म्हणजे निर्दोष ठरला, हे मी मान्य करणार नाही. पंतप्रधानांनी मंत्री केलं हा न्यायनिवाडा नव्हे. मामा हे दोन्ही आयुष्यभर एकच समजला आणि आता मामेभाऊ तेच बोलतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अंतुल्यांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिली नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्यांचा खटला उच्च न्यायालयात चालवण्याचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला, इतकं ते प्रकरण गुंतागुंतीचं होतं. सिमेंटची टंचाई देशभर होती, आमच्या बारा गोण्यांचा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही. राजीनाम्यानंतर साधारण दीड महिन्याने केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण काही अंशी उठवलं, तेव्हा दोष त्या परवान्याच्या पद्धतीतही होताच. आणि आत्याला पैसे मिळाले ते त्यांच्यामुळेच.

यंदा गणपतीत मामेभाऊ पुन्हा म्हणाला, "तुझ्या बाबांना साहेबांचं वर येणं बघवलं नाही." त्याला माझं एवढंच सांगणं: आपल्या बायकोला चाळणीने सिमेंट चाळताना बघितलेल्या माणसाबद्दल बोलतोयस, एवढं लक्षात ठेव. तो पेपर अजून ट्रंकेत आहे, पुढच्या वेळी आलास की काढून देतो. आधी वाच, मग बोलू.